अर्धशिशी आणि रोजची वेदनाशामक गोळी

प्रश्न : कॉलेजात असल्यापासून मला अर्धशिशीचा त्रास आहे. पूर्वी महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी डोके दुखायचे. आता मात्र आठवड्यातले बहुतेक दिवस ते ठणकते, आणि गोळी घेतल्याशिवाय फोडणीचा वासही सहन होत नाही. असे का व्हावे?

प्रतिसाद १ : ताई, आपण महिन्यातले किती दिवस गोळ्या घेता, हे आधी मोजावे. साधी वेदनाशामके १५ किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान गटातली (अर्धशिशीचा झटका आल्यावर घ्यायची खास) औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली गेली, तर त्या औषधांमुळेच डोकेदुखी वाढू शकते. माझ्या बहिणीचे असेच झाले होते. न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली गोळ्या थांबवल्यावर सुरुवातीला दुखणे वाढले हे खरे, परंतु पुढे झटके विरळ झाले.

प्रतिसाद २ : सहमत. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन यांसारखी प्रतिबंधक औषधे रोज घ्यावी लागतात आणि गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून कंटाळून मध्येच सोडू नयेत. दमा असल्यास मात्र प्रोप्रॅनोलॉल टाळतात. डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

प्रश्नकर्ती : मला लहानपणापासून दमा आहे, त्यामुळे ही सूचना फार मोलाची वाटली. गोळ्यांची नोंद वहीत आजच सुरू करते.