रॉन बरॅसी आणि १९७०ची फायनल: हँडबॉलने ४४ गुण कसे फिटले?

चेंडूफळी:
ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या व्हिक्टोरियातल्या लीगमध्ये (व्हीएफएल), १९७०च्या ग्रँड फायनलला मध्यंतराला कॉलिंगवुड ७३, कार्लटन २९. कार्लटनचा कोच बरॅसी याने ‘हँडबॉल करा’ असं बजावलं आणि संघ जिंकला, एवढंच सगळीकडे सापडतं. पण हाताने मारलेला चेंडू किकइतका लांब जात नाही, मग फरक कशामुळे पडला? आणि खेळाडू म्हणून तो ज्या ‘रक-रोव्हर’ जागेवर गाजला, ती जागा नेमकी कसली?

मेलबर्नकर:
फरक अंतराने नाही, वेळेने पडला. किकचा चेंडू हवेतच झेलला की ‘मार्क’ मिळतो आणि निवांत मागे जाऊन किक मारता येते. तेव्हाची सर्वमान्य पद्धत हीच होती. पण तेवढ्या वेळात समोरचा बचाव परत जागेवर येतो. त्याऐवजी मार्क घेतल्या घेतल्या शेजारून धावत जाणाऱ्याला चेंडू दिला, तर समोर उभा असलेला प्रतिस्पर्धी तिथेच राहतो आणि पुढे एक माणूस मोकळा सुटतो.

चेंडू एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा; फेकला तर समोरच्या संघाला फ्री किक. घेणारा पूर्ण वेगात हवा. तो उभा राहून वाट पाहत असेल तर चेंडू हातात पडताक्षणी टॅकल होतो. म्हणजे सूचना हँडबॉलची दिसली तरी खरी मागणी पळण्याची होती.

ही कल्पना बरॅसीची एकट्याची नव्हे. फिट्झरॉयचा कोच लेन स्मिथ आधीपासून याच अंगाने विचार करत होता. बरॅसीचं मोठेपण हे की १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर, हरत असताना, त्याने ती पूर्ण संघाकडून करून घेतली.

आट्यापाट्या:
स्कोअर नीट पाहा, कारण श्रेय एकट्या हँडबॉलचं नाही. गोलला ६ गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, १ गुण. मध्यंतराला कॉलिंगवुडचे १० गोल, १३ बिहाइंड. त्यातले चार-पाच जरी गोल झाले असते तरी सामना तिथेच संपला असता, असं माझं मत.

दुसरं म्हणजे टेड हॉपकिन्स. तेव्हा १९वा आणि २०वा खेळाडू राखीव असत आणि बाहेर काढलेला परत येऊ शकत नसे, त्यामुळे बदल जपून करत. बरॅसीने मध्यंतरालाच बर्ट थॉर्नलीच्या जागी हॉपकिन्सला उतरवलं आणि त्याने ४ गोल मारले. तिसऱ्या क्वार्टरअखेर अंतर १७वर आलं. शेवटी कार्लटन १११, कॉलिंगवुड १०१.

मेलबर्नकर:
रक-रोव्हरबद्दल: ‘बाउन्स’ म्हणजे पंचाने चेंडू जमिनीवर आपटून खेळ सुरू करणं. त्या वेळी उंच ‘रकमन’ उडी मारून चेंडू खाली ढकलायचा आणि लहानखुरा, चपळ ‘रोव्हर’ तो उचलायचा. सोबतीला दुसरा रकमन असे. बरॅसी सुमारे १७९ सेंमी; रकसाठी बुटका, रोव्हरसाठी दणकट. मेलबर्नचा कोच नॉर्म स्मिथ (लेनचा भाऊ) याने त्या दुसऱ्या रकमनच्या जागी त्याला घातलं: धडकाही घ्यायच्या, चेंडूही उचलायचा आणि मैदानभर पळायचं. संघाने १९५५, ५६, ५७, ५९, ६० आणि ६४ अशा सहा प्रीमियरशिप (लीगची विजेतेपदं) जिंकल्या, शेवटच्या दोन त्याच्या कर्णधारपदाखाली. वडीलही मेलबर्नचे खेळाडू. ते दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, लिबियातल्या टोब्रुकला मारले गेले. पुढे रॉन काही वर्षं स्मिथच्याच घरी राहिला, त्यामुळे हे नातं निव्वळ कोच-खेळाडूचं नव्हतं.

चेंडूफळी:
मग असा संघ सोडून कार्लटनला का गेला?

आट्यापाट्या:
मेलबर्नला कोचची खुर्ची स्मिथकडे होती. कार्लटनने १९६५पासून कर्णधार आणि कोच अशी दोन्ही कामं दिली. मेलबर्नकरांच्या ते फार जिव्हारी लागलं, आणि त्यांची पुढची प्रीमियरशिप थेट २०२१ची. कार्लटनची १९४७नंतरची पहिली १९६८ मध्ये आली, एसेंडनविरुद्ध ५६-५३. तिथे गोल एसेंडनचे जास्त होते, ८ विरुद्ध ७. कार्लटन जिंकलं ते १४ बिहाइंडच्या जोरावर.