प्रतिसाद: पेन्शन तर मिळतेच, मग मदत कसली?

निवृत्त नौसैनिकांना पेन्शन आणि ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, उपचार मिळतात, मग त्यांच्यासाठी वेगळं कुणी धावायची काय गरज, असं वर विचारलंय. गरज आहे, आणि ती बहुतेक वेळा कागदातच असते.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एक काका आहेत, नौदलातून चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. 'स्पर्श' हे सैन्यदलांच्या पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल आल्यापासून त्यांच्याकडे माणसांची रीघ असते. दरवर्षी हयातीची पडताळणी झाली नाही की पेन्शन थांबते, आणि ऐंशीच्या पुढच्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. मग काका चेहरा ओळखणारं अ‍ॅप घेऊन घरी जातात, कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं तरी.

सगळ्यात जीव तोडून ते विधवांसाठी झटतात. नौदलाच्या नोंदीत नाव माहेरचं, आधारवर सासरचं, की फॅमिली पेन्शन अडकलीच. जन्मतारीखही तपासून घ्या, कारण ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते ती त्या तारखेवरूनच. अशा दुरुस्त्यांसाठी ते या बायकांना सोबत घेऊन मानखुर्दच्या नेव्हल पेन्शन ऑफिसात जातात. नवरा गेल्यावर महिन्याभरात रांगेत उभं राहणं काय असतं, ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. हा माणूस मला फार मोठा वाटतो.

तुमच्या घरी कुणी माजी सैनिक असतील तर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, बरोबर आहे का, ते आत्ताच बघा, दोघंही असताना.