व्यसनमुक्तीची शपथ बंद करा, पाऊण तास एकेकाशी बोला

करवीर_समुपदेशन:

२६ जूनला शाहू जयंती आणि अमली पदार्थविरोधी दिन एकाच तारखेला येतात. कोल्हापुरात दसरा चौकात अभिवादन होतं, मग कॉलेजात एनएसएसची फेरी, सभागृहात तासभर भाषण, खराब झालेल्या लिव्हरचे फोटो आणि शेवटी हात पुढे करून शपथ. पोस्टर स्पर्धेचं बक्षीस वाटलं की विषय पुढच्या जूनपर्यंत मिटला. माझं मत असं की हा तास बंद करावा आणि तीच माणसं, तोच वेळ एकेका मुलाशी बंद दाराआड त्याच्या दारूबद्दल बोलण्यात घालावा.

भाषण-शपथ या प्रकाराची सर्वांत मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या शाळांत पोलिसांनी सुरू केलेला 'डेअर' कार्यक्रम देशभर पसरला. पुढे त्याची अनेकदा तपासणी झाली, तेव्हा त्यात बसलेल्या आणि न बसलेल्या मुलांच्या पिण्यात जवळजवळ काहीच फरक सापडला नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मारलाट आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांची 'बेसिक्स' पद्धत म्हणजे साधारण ५० मिनिटांच्या दोन भेटी. पहिल्या भेटीत मुलाच्या पिण्याचा हिशोब लिहून घ्यायचा, दुसऱ्या भेटीत तोच हिशोब त्याच्यासमोर ठेवायचा. उपदेश करायचा नाही.

सुरुवात पिण्याचा धोका मोजणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ऑडिट' प्रश्नावलीने करावी. १० प्रश्न, ० ते ४० गुण. ८ च्या खाली माहिती पुरते, ८ ते १५ ला साधा सल्ला, १६ ते १९ ला पुन्हा पुन्हा भेटी. २० च्या पुढे गेला की कॉलेजने स्वतः प्रयोग करत बसू नये, मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावं.

घोटाळा होतो तो मापात. मुलगा 'दोनच बिअर' म्हणतो आणि आपण दोन लिहितो. एक माप म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीचा ३० मिलीचा एक पेग. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली घ्या: ५२ मिली अल्कोहोल, वजनाने सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार मापं. दोन बाटल्या म्हणजे आठ. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच जाळतं, त्यामुळे दोन स्ट्राँग उतरायला दहा तासांच्या आसपास लागतात. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी त्यात एक मिनिटही कमी होत नाही. रात्री बारापर्यंत बसलेला मुलगा सकाळच्या प्रॅक्टिकलला गाडी काढतो तेव्हा रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा तो ओलांडून असू शकतो. हे गणित त्यानं स्वतः कागदावर मांडलं तर लिव्हरच्या फोटोपेक्षा जास्त डोक्यात शिरतं.

आणि एक अट, जिच्यावर मी तडजोड करणार नाही: या खोलीतलं काही प्राचार्य, रेक्टर किंवा वर्गशिक्षकापर्यंत जाता कामा नये. जीव धोक्यात असेल तेवढाच अपवाद, आणि तो मुलाला आधी सांगायचा.

शिस्त_आधी:

करवीर सर, तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही, पण पायाच चुकतोय. महाराष्ट्रात माइल्ड बिअर-वाइनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. आपल्या पदवी वर्गातला बहुतेक प्रत्येक मुलगा २१ च्या खालचा. त्याला बसवून 'चार मापांऐवजी दोन घे' असा हिशोब शिकवायचा? संस्थेनं दिलेली ती मूकसंमतीच झाली.

शिवाय तुम्ही सांगता त्या बोलण्याचा उपयोग किती, तेही मांडा. जगभरचे वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात अशा समुपदेशनाचे २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांवरचे ८४ प्रयोग तपासले. चार महिने किंवा त्यानंतरचा परिणाम असा: आठवड्याला सरासरी १३.७ ड्रिंक होत होती, ती १२.५ झाली. एवढ्यासाठी कॉलेजमागे एक समुपदेशक बसवायचा?

फरक पडतो तो मिळणं अवघड केल्यानं. आइसलँड बघा. १९९८ मध्ये १५-१६ वयाच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात नशा चढेपर्यंत प्यायल्याचं सांगितलं होतं, २०१६ मध्ये ५ टक्के. तिथं विक्रीचं वय २०. १३ ते १६ च्या मुलांना हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर बंदी, पालकांच्या रात्रीच्या फेऱ्या, खेळ-संगीताच्या क्लाससाठी नगरपालिकेचे पैसे. कॅलिफोर्नियातही १४ विद्यापीठ परिसर घेऊन निम्म्यांत पार्ट्यांवर आणि दारू पिऊन गाडी चालवण्यावर जाहीर सांगून कारवाई केली, तिथल्या पार्ट्यांतलं झिंगणं कमी झालं. आपल्याकडं पन्हाळा रस्त्यावर आणि रंकाळ्याच्या बाजूला शनिवारी रात्री नाकाबंदी, आणि वाइन शॉपवर वयाचा पुरावा. १८ च्या खालच्याला दारू देणाऱ्यासाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७७ आहेच: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. ते कलम लावा, मग समुपदेशनाचं बघू.

चंदगडपलीकडं:

शिस्त दादा, वाइन शॉपवर पुरावा मागा, जरूर मागा. पण गोव्यात वय १८ हाय आणि माल स्वस्त. चंदगडवरनं तिलारी उतरला की झालं. उत्पादन शुल्कवाले गोवा बनावटीचा माल पकडतात तो ट्रकनं येणारा, पोरांच्या बॅगेतला खंबा कोण बघणार? आणि रूमवर, टेरेसवर बसणाऱ्याला नाकाबंदी लागतच न्हाई. आइसलँड बेट हाय. आपला जिल्हा दोन राज्यांच्या कुशीत हाय.

पण करवीर सर, तुम्हालाबी एक विचारतो. समुपदेशक म्हणजे कोण? बहुतेक ठिकाणी 'अतिरिक्त कार्यभार' दिलेले प्राध्यापक. तेच हजेरी घेणार, तेच अंतर्गत गुण देणार, आणि पोरगं त्यांच्यासमोर खरं बोलणार? भावा, ऑडिटला सगळे शून्य लिहून देतील.

आकडेमोड:

दोन्ही बाजूंचे आकडे बरोबर आहेत, वापर मात्र अर्धवट होतोय.

आइसलँडची ती घट शाळकरी मुलांतली आहे, घरी आईवडिलांसोबत राहणाऱ्या. वसतिगृहातल्या २० वर्षांच्या मुलावर रात्री दहाची बंदी आणि पालकांची फेरी दोन्ही लागू पडत नाहीत. अकरावी-बारावीसाठी मात्र तो धडा मोलाचा आहे, आणि तिथं आपल्याकडं तालीम, कुस्ती, फुटबॉल तयार आहे. संध्याकाळी सहा ते नऊ मैदान आणि दिवे मिळाले तर तेवढा वेळ भरतो.

कॉक्रेनचा १३.७ ते १२.५ हा आकडा खरा. पण तिथले बहुतेक प्रयोग अशा समाजातले, जिथं पिणं ही रीत आहे. आपल्याकडं उलट आहे. २०१९ च्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ वयातले १४.६ टक्केच लोक दारू घेणारे निघाले. पुरुषांत २७.३, स्त्रियांत १.६. इथं न पिणाराच बहुसंख्य आहे.

म्हणून शेजारच्या गोव्यातला प्रयोग जास्त जवळचा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण असलेल्या पुरुषांवर. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेले ३६ टक्के, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६. मागच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के विरुद्ध १८. जे पीत राहिले त्यांचं रोजचं प्रमाण मात्र घटलं नाही. शिस्त दादा, तुमच्या आक्षेपाचं उत्तर इथं आहे. मोकळं बोलणं मिळाल्यावर आपल्याकडचा माणूस मापं मोजत बसला नाही, थांबला. अर्थात हे १८ ते ६५ वयाचे पुरुष होते, कॉलेजची मुलं नव्हेत, तेव्हा आकडा जसाच्या तसा उचलू नये.

करवीर_समुपदेशन:

चंदगड भाऊंचा मुद्दा मान्य. गुण देणाऱ्यानं हे काम करूच नये. दोन-तीन कॉलेजांनी मिळून बाहेरचा प्रशिक्षित माणूस आठवड्यातून दोन दिवस बोलवावा.

प्रश्नावलीवर नाव किंवा रोल नंबर नको. संकेत मुलानंच बनवायचा: आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं, जन्मतारखेचा दिवस, मोबाइलचे शेवटचे दोन अंक. तीन महिन्यांनी तोच संकेत टाकला की दोन्ही कागद जुळतात आणि माणूस कळत नाही. बंद पेटी, आणि कागद कॉलेजच्या कपाटात ठेवायचे नाहीत. भेट हवी असेल त्यानं स्वतः वेळ घ्यायची. वेळही महत्त्वाची: प्रवेशानंतरचे पहिले काही आठवडे, आणि पुन्हा गॅदरिंग व थर्टी फर्स्टच्या आधी. एकदाच करून सोडलं तर परिणाम महिन्यांत विरतो.

वर्गाचा निकाल भिंतीवर लावायचा असेल तर जपून. 'सरासरी इतकी मापं' असं छापलं की त्याहून कमी घेणारा वर सरकतो. 'या वर्गातल्या इतक्या मुलांनी मागच्या महिन्यात घेतलीच नाही' एवढंच छापावं, आणि तेही स्वतःच्याच कॉलेजचा आकडा असेल तर.

पकडलेल्या दहा पोरांना एका हॉलमध्ये बसवून 'गट समुपदेशन' ही पद्धत तर आजच बंद करावी. वाट चुकलेल्या मुलांना एकत्र केलं की ती एकमेकांना शिकवतात आणि वर्तन बिघडतं, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डिशन यांनी १९९९ मध्येच दाखवलं आहे.

पालक_पाचगाव:

एक विचारायचं होतं. मटणाच्या बेताला मोठी माणसं म्हणतात, बाहेर लपून घेण्यापेक्षा आमच्यासमोर एक ग्लास घे. याने खरंच बाहेरचं कमी होतं का?

आकडेमोड:

नाही, ताई. ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा झाला, निकाल २०१८ चा. घरून दारू मिळालेली मुलं बाहेरूनही मिळवण्याची शक्यता वाढली, आणि एका बैठकीत जास्त पिण्याचा धोकाही कमी झाला नाही, वाढला. तो ग्लास देऊ नका.

शिस्त_आधी:

गोव्यातल्या प्रयोगाचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे, तेवढं मान्य. तरी माझा आक्षेप गुप्ततेवर कायम. वसतिगृहात मूल बेशुद्ध पडलं तर पालक समुपदेशकाला विचारत नाहीत, रेक्टरला विचारतात. ज्याची जबाबदारी त्याला माहिती नको, हे चालणार नाही.

करवीर_समुपदेशन:

बेशुद्ध पडणं गुप्ततेत येतच नाही. त्यासाठी प्रत्येक मजल्यावर कागद लावा: हाक मारून जागा होत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, तर थेट १०८. तोवर डाव्या कुशीवर ठेवायचं, एकट्याला सोडायचं नाही, उलटी काढायचा प्रयत्न नाही, तोंडात काही घालायचं नाही. 'झोपू दे, उतरेल' या वाक्यानंच पोरं जातात, कारण पोटातली दारू झोपेतही रक्तात चढत राहते.

आणि फोन करणाऱ्या मित्रावर कारवाई होणार नाही, हे रेक्टरच्या सहीनं त्याच कागदावर लिहा. ते नसेल तर मित्र आधी बाटल्या लपवतील, मग फोन करतील.

शिस्त_आधी:

फोन करणाऱ्याला माफी, याला माझा पाठिंबा. पण दारू आणून देणाऱ्यालाही तीच माफी मिळणार असेल तर सही होणार नाही. ते वाक्य वेगळं लिहा.

चंदगडपलीकडं:

आणून देणारा आणि फोन करणारा बहुतेक वेळा एकच असतो दादा. ते वाक्य कसं लिहायचं, तेवढं आधी ठरवा.