प्रतिसाद: साडेअकरा वर्षं थांबायची गरज नाही, पण...

एकाने विचारलंय, भट्टीतल्या तापमानाला सतत ताण सोसणाऱ्या धातूचं (हळूहळू ताणत जाऊन तुटेपर्यंतचं) १ लाख तासांचं आयुष्य सांगायचं तर नमुना साडेअकरा वर्षं भट्टीत टांगून ठेवायचा का? नाही हो. ताण तोच ठेवून तापमान वाढवतात आणि लार्सन-मिलर हे सूत्र लावतात: केल्विनमधलं तापमान गुणिले (२० अधिक तासांचा १० पायाचा लॉग). ताण तोच असेल तर हा गुणाकार तोच राहतो असं धरतात. ९०० अंश सेल्सिअसला नमुना १,००० तासांत तुटला, तर ८५० ला साधारण साडेदहा हजार तास.

आता गंमत बघा. भट्टीचं तापमान मोजणारं थर्मोकपल फक्त १० अंश कमी दाखवत असेल, तर तोच नमुना ६४० तासांतच तुटतो आणि आपण धातूला शिव्या घालतो! मी बेळगावच्या उद्यमबागेत भट्टीवर असताना निकेल मिश्रधातूचे हँगर असेच वाकले होते. हँगरचा हुक पार उघडून सरळ व्हायला आलेला. पुरवठादाराशी भांडून झालं, मग कळलं, थर्मोकपल म्हातारं झालंय.

शिवाय जास्त वेळ तापलं की अशा मिश्रधातूला बळ देणाऱ्या गॅमा प्राइमचे बारीक कण विरघळतात आणि मोठे कण आणखी जाड होतात, धातू मऊ पडतो. हे सूत्राला दिसत नाही. म्हणून मी तरी सर्वांत लांब चाचणीच्या तिपटीपुढचा आकडा कुणाला लिहून देत नाही.