४० हजारांसाठी गाडी विकू नका, आधी पत्रा बघा

तेरा वर्षांच्या पेट्रोल गाडीला गॅरेजवाल्याने क्लच आणि सस्पेन्शनचे ४० हजार सांगितले, म्हणून नवीच घ्यावी का, असं विचारलंय तुम्ही. एवढ्यावरून विकू नका. नव्या गाडीच्या तीन-चार हप्त्यांतच तेवढे जातील. दिल्लीतला जुन्या पेट्रोल गाड्यांवरचा १५ वर्षांचा नियमही आपल्याला लागू नाही. इथे १५ वर्षांनंतर आरटीओत फिटनेस तपासणीत गाडी पास झाली की नोंदणी पाच वर्षं वाढवून मिळते.

आणि क्लचचं म्हणाल, तर ठाण्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर रोज अर्धा क्लच दाबून ताटकळणाऱ्या गाडीचा तो जाणारच. नव्या गाडीचाही जाईल.

खरा प्रश्न गंजाचा. आमची २०११ ची गाडी वाशीत खाडीजवळ उघड्यावर उभी असते. गेल्या पावसाळ्यात कुबट वास यायला लागला म्हणून ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं, तर खाली सगळं ओलं. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला आणि पत्र्याचे पापुद्रे निघाले, पापडासारखे. इंजिन अजून एका चावीत सुरू होतं, पण काय उपयोग? त्यामुळे गॅरेजवाल्याला गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि खालून स्वतः बघा. त्याच्या शब्दावर जाऊ नका.

पत्रा धड असेल तर खुशाल खर्च करा. फक्त एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहेत का बघा. तेव्हा ते सक्तीचे नव्हते, बेस मॉडेलमध्ये बहुधा नसतीलच. घरात लहान मूल असेल आणि हायवेला नेहमी जात असाल, तर मी ह्या एका कारणासाठी बदलेन.