आबांचं माउझर: सेफ्टीचा खटका खाली गेला तो वर येईना

अमळनेरकर:
आमचे आबा पौषात गेले. बोरीकाठी कपाशीचं शेत, त्यामुळे परवाना जुना. पिस्तूल जर्मन आहे. स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, माउझर, ओबर्नडॉर्फ अशी अक्षरं, ७.६५ मि.मी., मूठ एकाच लाकडाची, मागून वळून दोन्ही बाजूंना आलेली. वडिलांनी ते परवान्यासकट पोलीस ठाण्यात जमा केलंय.

जमा करायच्या आधी घरी वडिलांनी चापामागचा छोटा खटका अंगठ्याने खाली दाबला. तो खाली बसला आणि अडकला. पुष्कळ जोर लावला, वर येईना. शिवाय स्लाइडच्या मागच्या टोकाला एक बारीक काडी बाहेर आलेली दिसत होती. वडील म्हणतात, मोडलंय, वारसाने परवाना मागण्यात अर्थ नाही. मला ते राहावं असं फार वाटतं. खरंच बिघाड आहे का?

तापीकाठचा आर्मरर:
दादा, बिघाड नाही. वर्णनावरून हे माउझरचं १९१४ चं मॉडेल. मी धुळ्याला अठ्ठावीस वर्षं हत्यारं उघडून साफ केली, म्हणून सांगतो. त्याचा खटका खाली दाबला की सेफ्टी लागते आणि तिथेच राहते. काढायला त्याच्याच खाली एक बारकं बटण असतं. ते दाबलं की खटका स्प्रिंगने टुणकन वर येतो. खटक्याला जोर लावून काही होत नाही, तशी रचनाच आहे.

आता काडीचं. याला बाहेर दिसणारा घोडा, म्हणजे पिनेवर आपटणारा हातोडा, नाही. आत स्प्रिंगवरची फायरिंग पिन आहे, तीच गोळीच्या बुडावर आपटते. ती ताणलेली असेल तर तिचं शेपूट मागे बाहेर येतं. म्हणजे वडील खटक्याशी झटत होते तेव्हा पिस्तूल ताणलेलं होतं. हात चुकून त्या बटणावर पडला असता तर सेफ्टी निघाली असती. काडी फक्त ताण सांगते. नळीत गोळी आहे की नाही, हे सांगणारं या मॉडेलमध्ये काहीच नाही. ते स्लाइड ओढून डोळ्यानेच पाहावं लागतं.

अजून एक. मॅगझिन रिकामं झालं की स्लाइड मागे थांबते, आणि नवं मॅगझिन आत सारताच आपोआप पुढे येते. भरलेलं असेल तर पहिली गोळी थेट नळीत. ज्याला ठाऊक नाही, तो समजतो आपण फक्त मॅगझिन घातलं.

रावेरची केळी:
काकांकडे वॉल्थर पीपी होतं, १९२९ पासूनचं मॉडेल. त्यात स्लाइडवरचा खटका खाली केला की घोडा पडतो, पण फायरिंग पिनपर्यंत पोचत नाही. नळीत गोळी असली की घोड्याच्या वर एक बारीक पिन बोटाला लागते. मला वाटायचं सगळी जर्मन पिस्तुलं अशीच. मग माउझर एचएससी पाहिलं, तिथे खटक्याने फायरिंग पिनचं मागचं टोक घोड्याच्या वाटेतून वर उचललं जातं आणि घोडा ताणलेलाच राहतो!

तापीकाठचा आर्मरर:
बरोबर. आणि ऑर्टगीज हे दुसरं जर्मन पिस्तूल तर सगळ्यांत फसवं. त्याच्या मुठीमागची पट्टी मुठीत आवळली की आत जाते आणि आतच राहते, बटण दाबल्याशिवाय सेफ्टी परत लागत नाही. हात सोडला की सुरक्षित झालं, असं समजणारे मी पाहिलेत. एका कंपनीची सवय दुसरीच्या हत्याराला लावू नये.

चोपडा वकिली:
कायद्याचं थोडक्यात. परवानाधारक गेल्यावर हत्यार घरी ठेवता येत नाही, ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. ते तुम्ही केलंत. वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. जमा केल्याची पावती जपा.

अमळनेरकर:
आर्मरर काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. वडिलांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ बोललेच नाहीत. जमा करताना ठाण्यातल्या हवालदारांनी स्लाइड ओढून पाहिली होती, नळी रिकामी निघाली.

लहानपणी आबा शेतघरात ट्रंक उघडायचे, पिस्तुलाची मागची बाजू बोटाने चाचपायचे आणि आम्हा पोरांना दरवेळी एकच सांगायचे, "मांगनी काडी बाहेर दिखनी ते हात नको लावू." आम्हाला ती काडी म्हणजे काहीतरी मोडलेलं वाटायचं. वडिलांनाही तसंच वाटलं असणार.

सोमवारी वडील आणि मी जळगावला अर्ज द्यायला जातोय.