चर्चा धागा: फुप्फुसाच्या कर्करोगात सीटीच्या मापांवर किती भिस्त ठेवायची?

घनभाग:
सीटी रिपोर्टमध्ये "उजव्या वरच्या खंडात 24 मिमीची गाठ" एवढंच लिहून थांबणं बंद व्हायला हवं. ग्राउंड ग्लास (धूसर) आणि सॉलिड (भरीव) असं मिश्र रूप असलेल्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात (फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) रोगाची पुढची वाटचाल मुख्यतः सॉलिड भागावरून कळते, भोवतालच्या धूसर भागावरून नाही. कर्करोगाची स्टेज ठरवणाऱ्या टीएनएम वर्गीकरणाच्या 8व्या आवृत्तीने हेच स्वीकारलं. 24 मिमीच्या गाठीत सॉलिड भाग 9 मिमी असेल तर ती टी1ए (1 सेंमीपर्यंत), आणि एकूण माप धरलं तर टी1सी (2 ते 3 सेंमी). गाठ तीच, पण रुग्णासमोर मांडलं जाणारं चित्र वेगळं.

जपानच्या जेसीओजी0804 अभ्यासात गाठी 2 सेंमीपर्यंतच्या होत्या आणि सॉलिड भागाचं एकूण मापाशी गुणोत्तर 0.25 किंवा त्याहून कमी होतं. फुप्फुसाचा थोडाच भाग काढूनही 5 वर्षं रोग न उलटता जगण्याचं प्रमाण 99.7 टक्के निघालं. हे गुणोत्तर प्रत्येक रिपोर्टमध्ये आलंच पाहिजे.

मापदोष:
असहमत. गुणोत्तराला नाही, त्यावर टाकलेल्या भाराला. लहान गाठीच्या हाताने घेतलेल्या मापात दीड मिमीचा फरक सहज पडतो. तुमचा 9 मिमीचा सॉलिड भाग दुसऱ्याने 10.5 मोजला की टी1बी (1 ते 2 सेंमी) झाला. आणि वाढीचा वेग काढायला गेलात तर परिस्थिती आणखी बिकट. 10 मिमीची गाठ 90 दिवसांनी 11.5 मोजली गेली तर व्यासावरून काढलेलं घनफळ 52 टक्क्यांनी वाढतं आणि दुप्पट होण्याचा काळ सुमारे 149 दिवस येतो. प्रत्यक्षात गाठ जागची हललेली नसेल, तरीही कागदावर ती आक्रमक ठरते.

खंडच्छेद:
यात एक भर. जेसीओजी0802 या दुसऱ्या जपानी अभ्यासातल्या गाठीही 2 सेंमीपर्यंतच्याच, पण गुणोत्तर 0.5 च्या वर. तिथे 5 वर्षं जगण्याचं प्रमाण सेगमेंटेक्टमीत (खंडाचा एक भाग काढणं) 94.3 आणि लोबेक्टमीत (अख्खा खंड काढणं) 91.1 टक्के, स्थानिक पुनरुद्भव मात्र 10.5 विरुद्ध 5.4 टक्के. म्हणजे गुणोत्तर जास्त असलं की छोट्या शस्त्रक्रियेची किंमत दिसते. मला हा आकडा शस्त्रक्रिया ठरवायला हवा, आयुष्याचं भाकीत करायला नव्हे.

घनभाग:
@मापदोष, व्यासावरून घनफळ काढायचंच नाही, हा पहिला नियम. 1 ते 1.5 मिमीचे स्लाइस, पूर्ण श्वास भरून स्कॅन, दोन्ही वेळी तोच रिकन्स्ट्रक्शन कर्नल (प्रतिमा तयार करण्याची गणिती पद्धत), तेच सॉफ्टवेअर आणि तीच आवृत्ती. सॉलिड भाग लंग विंडोवर (फुप्फुस नीट दिसेल अशी प्रतिमेची उजळ-गडद मांडणी), तिन्ही प्रतलांत पाहून मोजायचा. मेडियास्टायनल विंडोवर (मऊ ऊती पाहण्याची मांडणी) तो लहान दिसतो आणि गुणोत्तर खोटं खाली येतं. सॉफ्टवेअरने आखलेली सीमा डोळ्यांनी तपासायची, कारण गाठीला चिकटलेली रक्तवाहिनी हमखास आत ओढली जाते. एवढं करूनही 25 टक्क्यांच्या आतला बदल वाढ म्हणून धरायचा नाही. तुमचं उदाहरण बेशिस्त मोजणीविरुद्ध आहे, मोजण्याविरुद्ध नाही.

मापदोष:
शिस्तीचं मान्य. मग रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी स्लाइसची जाडी, कर्नल आणि विंडो लिहा. नाहीतर पुढच्या वेळी तुलना करणारा अंधारात.

रेडिओमिक्सबद्दलही (प्रतिमेतून संगणकाने काढलेल्या आकड्यांवरून भाकीत करणं) हाच आग्रह आहे. 2014 मध्ये गाजलेल्या सिग्नेचरची (अशा निवडक आकड्यांच्या संचाची) 2019 मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा तिची बरीचशी ताकद निव्वळ गाठीच्या घनफळातून येत असल्याचं दिसलं. नवं मॉडेल पुढे करणाऱ्याने आधी घनफळ आणि स्टेज यांच्यावर मात करून दाखवावी.

खंडच्छेद:
आणि नोड (लसिका ग्रंथी) विसरू नका. 10 मिमीच्या शॉर्ट अ‍ॅक्सिसच्या (नोडच्या आखूड व्यासाच्या) निकषावर सीटीतून रोगग्रस्त नोड जेमतेम निम्मे सापडतात, आणि सुजलेले सगळेच नोड कर्करोगाचे नसतात. टीएनएमच्या 9व्या आवृत्तीत एन2 चे (छातीच्या मध्यभागातल्या, गाठीच्याच बाजूच्या नोडमध्ये पसरलेला रोग) एकाच स्टेशनचा (नोडची ठरलेली जागा) एन2ए आणि अनेक स्टेशनांचा एन2बी असे दोन भाग झालेत. तो फरक मापावर सोडता येत नाही, ईबस (श्वासनलिकेतून केलेली सोनोग्राफी) करून सुईने नमुना घ्यावा लागतो. वरचा खंड कोसळलेला असेल तर गाठ कुठे संपते आणि मिटलेलं फुप्फुस कुठे सुरू होतं हे साध्या सीटीवर बहुतेकदा कळतच नाही. तिथे मिमीत आकडा लिहूच नये. सीमा स्पष्ट नाही असं नमूद करून पेट-सीटी (पेशींची सक्रियता दाखवणारा स्कॅन) सुचवावं.